पाणी कुठून येतं आणि कुठं जातं : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या वेळच्या पत्रांत यंत्रांची नावं बरीच आहेत, पण खोलात गेलं की बहुतेक प्रश्न पाण्याचेच निघतात. मी राहुरीला कृषी अभियांत्रिकी शिकले ती मृद व जलसंधारण याच विषयासाठी, आणि पुढचं सगळं काम शेतातलं जादा पाणी बाहेर काढण्याचं झालं. त्यामुळे क्षारपड जमिनीच्या पत्राला जास्त जागा दिली आहे. तशी पत्रं दर महिन्याला येतात, आणि घाईत घेतलेला निर्णय तिथे सर्वांत महागात पडतो.

प्रश्न : कृष्णाकाठी आमची अडीच एकर काळी जमीन आहे. वडिलांच्या काळात एकरी साठ टनांच्या पुढे ऊस निघायचा. आता निम्म्या रानात डोळा फुटतच नाही आणि उन्हाळ्यात माती पांढरी पडते. एकजण जमिनीखालून पाइप टाकून देतो म्हणतोय, शेजारचे आधी जिप्सम टाक म्हणतात आणि दुकानदार जिवाणूंचं औषध देतोय. सुरुवात कशानं करू?
— वाळवा तालुका, जि. सांगली

दादा, या तिन्हींतलं काहीच लगेच करू नका. आधी एक गिरमिट मिळवा.

क्षार आले कुठून हे समजलं की पुढचं सोपं जातं. तुमच्या काळ्या मातीत मूळचे थोडे क्षार होतेच. वर्षानुवर्षं पाटानं भरपूर पाणी दिलं, खाली निचरा नाही, म्हणून भूजलाची पातळी वर वर येत गेली. ती तीन-चार फुटांवर आली की दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं पाणी मातीतून वर चढतं, उन्हानं उडून जातं आणि क्षार मागे ठेवतं. ही गोष्ट नवी नाही. नीरा डाव्या कालव्याचं पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बारामतीच्या बाजूला आलं, आणि 1910 सालीच पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास मांडला होता. शंभर वर्षं उलटून गेली तरी आपण पाणी आणायला जेवढा पैसा घालतो, त्याच्या पासंगालाही पुरेल एवढा निचऱ्यावर घालत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता गिरमिटाचं काम. खराब रानात आणि चांगल्या रानात प्रत्येकी एक पाच फुटी भोक घ्या. वरचा फूट, दुसरा फूट आणि तिसरा फूट अशी माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरा. भोकात पाणी चढू लागेल. दुसऱ्या दिवशी ते कुठं स्थिरावलं ते बांबूची काठी सोडून मोजा, ती तुमची भूजल पातळी. मग डबा बांधून भोकातलं पाणी उपसा आणि घड्याळ लावून पाणी परत किती वेगानं चढतं ते दर मिनिटाला टिपून ठेवा. पाइपच्या दोन ओळींत अंतर किती ठेवायचं ते याच आकड्यावरून ठरतं. भारी काळ्या मातीत पाणी सावकाश चढतं, तिथे ओळी जवळ लागतात. पोयट्याच्या रानात त्या लांब ठेवल्या तरी चालतात. जो ठेकेदार भोक न घेताच ‘तुमच्याकडे इतके पाइप लागतील’ असं सांगतो, त्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

मातीच्या पिशव्या प्रयोगशाळेत द्या आणि तीन गोष्टी मागून घ्या : विद्युत वाहकता (क्षार किती ते यावरून कळतं), सामू म्हणजे पीएच, आणि विनिमययोग्य सोडियमचं, म्हणजे मातीच्या कणांना धरून बसलेल्या सोडियमचं, प्रमाण. तिसरी तपासणी नेहमीच्या पत्रिकेत बऱ्याचदा नसते, म्हणून ती आवर्जून सांगावी लागते. वाहकता 4 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर, सामू 8.5 च्या खाली आणि सोडियम 15 टक्क्यांच्या आत असेल तर जमीन क्षारयुक्त आहे. वाहकता कमी, पण सामू 8.5 च्या वर आणि सोडियम 15 टक्क्यांच्या पुढे असेल तर ती चोपण. वाहकता आणि सोडियम दोन्ही वाढलेलं असेल तर क्षारयुक्त चोपण. तुमच्याच जिल्ह्यात कसबे डिग्रजला महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. पत्रिका घेऊन तिथे एकदा जाऊन या.

एवढी तपासणी कशासाठी, असं वाटेल. क्षारयुक्त जमिनीला जिप्सम लागतच नाही. निचरा करून गोड पाण्यानं धुतली की ती सुधारते. चोपण जमिनीची गोष्ट वेगळी. तिथे सोडियम चिकणमातीच्या कणांना धरून बसलेला असतो, त्यामुळे कण विस्कटतात, पाणी मुरत नाही आणि पावसानंतर रानात कितीतरी दिवस गढूळ तळं राहतं. जिप्समातलं कॅल्शियम सोडियमला हटवून त्याची जागा घेतं. पण हटलेला सोडियम जाणार कुठं? खालून वाट नसेल तर तो तिथंच राहतो आणि जिप्समचा पैसा पाण्यात जातो. चुनखडीच्या जमिनीत जिप्समऐवजी गंधकही चालतं. मातीतले थायोबॅसिलससारखे जिवाणू गंधकाचं आम्ल करतात, ते आम्ल चुनखडी विरघळवतं आणि कॅल्शियम जमिनीतूनच मोकळं होतं. जिवाणूंचं खरं काम हे असं आहे. दुकानदाराच्या पोत्यातले जिवाणू क्षार खाऊन संपवतात, हे मात्र मानू नका. मीठ नाहीसं होत नसतं, ते फक्त पाण्याबरोबर वाहून नेता येतं.

म्हणून पाइपाच्या आधी दुसरा प्रश्न : तुमचं निचऱ्याचं पाणी कोणत्या ओढ्याला जाणार? पाइप साडेतीन-चार फूट खोल जातात आणि पुढे उतार धरून मुख्य नळीला मिळतात. ती नळी ओढ्याच्या तळापेक्षा वर सुटली पाहिजे. अडीच एकरवाल्याला एकट्यानं हे क्वचितच जमतं, कारण मधे चार जणांची रानं असतात. शिवारातले सगळे एकत्र बसा, ओढ्यातला गाळ आणि बेशरमीची झाडं आधी काढा. शिरोळ आणि वाळव्याच्या बाजूला जिथं काम टिकलं, तिथं लोकांनी गट करून ओढ्यापासून सुरुवात केली होती. जिथं सुटा शेतकरी पाइप पुरून मोकळा झाला, तिथं पावसाळ्यात ओढ्याचंच पाणी उलटं रानात आलेलं मी पाहिलं आहे.

काम सुरू झालं की स्वतः चरावर उभे राहा. नेहमी वापरतात तो पाइप 80 मिलिमीटरचा, वळ्यावळ्यांचा, बारीक भोकांचा पीव्हीसी पाइप असतो. त्याच्याभोवती जाळीदार कापडाचं वेष्टन असतं, माती आत जाऊ नये म्हणून. हे वेष्टन ओढताना दगडाला लागून फाटलं तर तो तुकडा बदलायला लावा. दहा मीटरला दोन सेंटिमीटर उतार, म्हणजे शंभर मीटरला वीस. डोळ्यांना हा उतार दिसतच नाही, डंपी लेव्हल, म्हणजे उंचसखलपणा मोजायची दुर्बीण, लावल्याशिवाय तो साधत नाही. चराचा तळ मधेच खोल गेला तर तिथे पाइपाला पोट सुटतं, त्यात गाळ बसतो आणि वरची अख्खी ओळ बंद पडते. त्यामुळे दर काही मीटरवर पट्टी उभी करून वाचन घ्यायला लावा आणि ते तुमच्या वहीत लिहून घ्या. पाइप मुख्य नळीला मिळतो तिथं सिमेंटचा चेंबर करा, पुढेमागे आत डोकावता यायला हवं. पहिल्या पावसानंतर झाकण काढून पाहा. प्रत्येक ओळीच्या तोंडातून पाणी पडत असतं. एखादी ओळ कोरडी दिसली तर ती कुठं अडली आहे हे तिथंच कळतं. त्या पाण्याची वाहकता दर महिन्याला मोजत गेलात की आकडा उतरत जाताना दिसेल. पाण्याबरोबर मीठ चाललं आहे याचा तो पुरावा.

जमीन धुवायला पावसाळ्यासारखा काळ नाही. बांध नीट करून पावसाचं पाणी रानात जिरवा, धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरा आणि फुलावर यायच्या सुमारास गाडा. त्यानंतर ऊस लावाल तो ठिबकवरच लावा. पुन्हा पाटानं तुडुंब पाणी देणार असाल तर एवढा खर्च करू नका.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगते. हे निचऱ्याचं पाणी खारट असतं, त्यात धुऊन आलेलं नत्रही असतं. ते शेजाऱ्याच्या विहिरीजवळ किंवा पाणंदीत सोडू नका. युरिया एकदम फेकण्याऐवजी ठिबकमधून थोडा थोडा दिलात तर ओढ्यात जाणारं नत्र कमी होईल. ओढ्याच्या खालच्या अंगाला दुसऱ्या गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर असते.

प्रश्न : यंदा पहिल्यांदाच बीबीएफ (रुंद वरंबा सरी) यंत्रानं सोयाबीन पेरलं. जोराचा पाऊस झाला तेव्हा सरीत पाणी साचून कडेच्या ओळी पिवळ्या पडल्या. सपाट पेरणीवाले हसत होते. यंत्राचा काही उपयोग आहे का?
— औसा तालुका, जि. लातूर

ताई, यंत्र चांगलं आहे. तुमच्या सरीला शेवट मिळालेला नाही.

रुंद वरंबा सरीची पद्धत हैदराबादजवळच्या पाटणचेरूला, इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत, भारी काळ्या जमिनींसाठी विकसित झाली. त्यात सरीला हलका उतार देणं हा पद्धतीचाच भाग होता : 100 फुटांत साधारण अर्धा फूट. पाऊस जास्त झाला तर सरी पाणी हळूहळू बाहेर नेते, कमी झाला तर मुरवते. आपल्याकडे यंत्र आलं, पण उतार काढायचं काम मागेच राहिलं. ट्रॅक्टरवाला रानाच्या लांबीनं चालतो, कारण त्याला वळणं कमी पडतात. लांबी सपाट असेल तर सरीत पाणी तुंबतं, लांबी थेट उताराला असेल तर माती वाहून जाते.

पुढच्या हंगामाआधी, एखाद्या मोठ्या पावसात छत्री घेऊन रानात जा आणि पाणी कुठून कुठं चाललं आहे ते पाहून खुणेचे दगड ठेवा. मुख्य उताराला आडवं, पण थोडं तिरकं असं यंत्र चालवायचं. सगळ्या सऱ्या ज्या बाजूला सुटतील तिथं गवत राखलेला एक उथळ चर ठेवा. तो चर शेततळ्याला किंवा नाल्याला जोडा. पावसाचा खंड पडला तर सरीत ठिकठिकाणी मातीचे आडवे बांध घाला म्हणजे ओल राहील.

बियाण्याचंही पाहून घ्या. सपाट पेरणीत एकरी 30 किलो टाकत असाल तर या पद्धतीत उगवण चांगली असलेलं 22 किलो पुरतं. पण यंत्र तेवढंच टाकतंय का? पेरणीच्या आदल्या दिवशी यंत्राचं चाक उचलून धरा, नळ्यांना पिशव्या बांधा आणि चाक हातानं 20 वेळा फिरवा. समजा चाकाचा परीघ 1.6 मीटर आणि वरंबा-सरी मिळून रुंदी 1.5 मीटर आहे. एका फेऱ्यात 2.4 चौरस मीटर, 20 फेऱ्यांत 48 चौरस मीटर रान झालं. 22 किलोच्या हिशेबानं पिशव्यांत मिळून सुमारे 260 ग्रॅम बी पडायला हवं. चारही पिशव्या वेगवेगळ्या तोला. एखादी हलकी निघाली तर ती नळी तुंबलेली आहे. हे करायला अर्धा तास लागतो आणि गावात कोणी करत नाही. तुम्ही करा, हसणारे पाहायला येतील.

प्रश्न : मोसंबीसाठी 30 बाय 30 बाय 3 मीटरचं शेततळं आहे, प्लास्टिक टाकलेलं. हिवाळ्यात दोन बोअरनं भरून ठेवतो. उन्हाळ्यात पाणी फार उडतं. बाष्पीभवन थांबवायला काय वापरावं?
— अंबड तालुका, जि. जालना

काका, तुमचा प्रश्न बाष्पीभवनाचा आहे, पण मला आधी बोअरबद्दल बोलायचं आहे. राग मानू नका.

तुमच्या तळ्यात, कडांचा उतार एकास एक धरला तर, सुमारे 22 लाख लिटर पाणी मावतं. वरचा पृष्ठभाग 900 चौरस मीटर. दिवसाला सरासरी 8 मिलिमीटर पाणी उडालं तर रोजचे 7,200 लिटर झाले. फेब्रुवारी ते मे तळं भरतं ठेवलंत तर साडेआठ लाख लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. हेच पाणी जमिनीत होतं तेव्हा त्याला ऊन लागत नव्हतं. म्हणजे वीज खर्चून आपण खडकातलं पाणी वर आणतो आणि त्यातला मोठा वाटा सूर्याला देऊन टाकतो. शिवाय आपला बेसाल्ट खडक पाणी धरतो तो भेगांत आणि वरच्या मुरमाच्या थरात, तेवढंच. तुम्ही ते जानेवारीत उपसलंत की शेजारच्यानंही उपसायची घाई करायची, आणि मार्चमध्ये गावाच्या पिण्याच्या विहिरीनं तळ गाठायचा. शेततळं पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायला आहे. बोअरचं पाणी साठवायला ते वापरणं मला मान्य नाही, आणि ते मी प्रत्येक शिबिरात सांगते.

करा असं. पावसाळ्यात रानातलं आणि जवळच्या नाल्यातलं वाहतं पाणी तळ्यात घ्या. तोंडाशी गाळ बसायला एक लहान खड्डा ठेवा, नाहीतर प्लास्टिकवर चिखलाचा थर साचतो. उन्हाळ्यात आधी तळ्यातलं पाणी संपवा आणि बोअर नंतर, गरजेपुरतं, थेट ठिबकला जोडा. तळ्यावर तारा ताणून शेडनेट टाकलंत तर ऊन आणि वारा दोन्ही अडतात, बाष्पीभवन नक्की कमी होतं. झाडाच्या आळ्यात पालापाचोळ्याचं आच्छादन द्या, ते त्याहून स्वस्त पडतं.

तळ्याला कुंपण आहे का ते तुम्ही लिहिलेलं नाही. ओल्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही, पोहता येणारा माणूसही वर येऊ शकत नाही. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडा, हवा भरलेल्या ट्यूब बांधून ठेवा आणि कुंपणाला कुलूप लावा. शाळेच्या सुट्ट्या लागायच्या आत हे झालंच पाहिजे.

प्रश्न : दरवर्षी रोटाव्हेटर मारतो, माती पिठासारखी होते. तरी कापसाची मुळं आडवी का जातात?
— चोपडा तालुका, जि. जळगाव

वरचे चार-पाच इंच पीठ आणि त्याखाली पात्यांनी थापून घट्ट केलेला थर, असं झालं आहे. दोन फुटी खड्डा खणा आणि त्याच्या भिंतीत वरून खाली चाकूचं टोक टोचत जा. जिथं हात अडतो तिथं तो थर. उन्हाळ्यात जमीन खालपर्यंत कोरडी असताना सबसॉयलर, म्हणजे खोल जाणारा फाळ, त्या थराच्या थोडं खालून चालवा. ओल्या जमिनीत चालवलात तर थर फुटत नाही, नुसती चीर पडते. नंतर रोटाव्हेटर दरवर्षी मारू नका आणि पऱ्हाट्या पेटवण्याऐवजी त्यांची कुट्टी करून रानातच राहू द्या.

प्रश्न : दोन घनमीटरचा गोबरगॅस आहे. स्लरी माडांना घालते, पण पावसात खड्डा भरून वाहतो. उन्हात वाळवून साठवली तर चालेल का? आणि ठिबकमधून सोडता येईल का?
— कुडाळ तालुका, जि. सिंधुदुर्ग

वहिनी, उन्हात वाळवू नका. गॅस निघून गेला तरी नत्र स्लरीत राहतं, आणि त्यातलं बरंच अमोनियाच्या रूपात असतं. उघड्यावर वाळवलं की ते उडून जातं, तुमच्या हाती नुसता चोथा उरतो.

तुमचा संयंत्र रोज 50 किलो शेण आणि तेवढंच पाणी घेतो, म्हणजे रोज जवळपास शंभर लिटर स्लरी बाहेर येते. कोकणच्या पावसात उघडा खड्डा टिकणारच नाही. त्यावर पत्र्याचं किंवा झावळ्यांचं छप्पर घाला आणि खड्ड्याची कड जमिनीपेक्षा वीतभर उंच बांधा, म्हणजे अंगणातलं पाणी आत शिरणार नाही. शेजारी दुसरा खड्डा करून त्यात सुका पाला, भाताचा पेंढा, करवंट्या वगळून माडाचा कचरा यांचे थर द्या आणि प्रत्येक थरावर स्लरी ओता. कोरडा पाला स्लरी शोषून घेतो, त्यातलं नत्र धरून ठेवतो आणि चांगलं कंपोस्ट होतं. ऐन पावसात माडाच्या आळ्यात पातळ स्लरी ओतलीत तर जांभ्याच्या मातीतून ती खाली निघून जाते आणि विहिरीचं पाणी बिघडतं. तेव्हा आषाढ-श्रावणात सगळी स्लरी कंपोस्टला, पाऊस उघडल्यावर आळ्यात.

ठिबकमधून सोडता येते, पण गाळून. एका टाकीत रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी आधी कापडातून आणि मग 120 मेशच्या डिस्क फिल्टरमधून घ्या. स्लरी सोडून झाल्यावर साधं पाणी चालू ठेवा आणि नळ्यांची टोकं उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. एवढा खटाटोप रोज होणार नसेल तर बादली बरी. वीस-पंचवीस माडांना ठिबकच्या नळ्या साफ करत बसण्यापेक्षा बादलीनं लवकर होतं.